‘घाटीला न्या’ म्हणण्याआधी

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांना आवाहन

आपल्या शहरात दोन शब्दांत बाळंतीण दारातून परत पाठवता येते : ‘घाटीला न्या.’ नारेगावच्या गल्लीतला दवाखाना असो की वाळूजच्या रस्त्यावरचं नर्सिंग होम, बीपी वाढलं, अंगावरून जास्त जायला लागलं, बाळ आडवं निघालं किंवा नातेवाइकांकडचे पैसे संपले, की हे शब्द ऐकू येतात. मग रात्री दोन वाजता रिक्षा शोधायची. मधे कळा सोसणारी बाई, तिला धरून बसलेली सासू, मांडीवर कागदपत्रांची पिशवी, आणि पुढे ड्रायव्हरला चिकटून बसलेला नवरा फोनवर कुणाकडे तरी हजार-दोन हजार मागतोय.

घाटी, म्हणजे 1956 साली सुरू झालेलं आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, कुणाला नाही म्हणत नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहून अडलेल्या बायाही तिथेच येतात. सगळ्यांनी एकाच दारावर भार टाकला की काय होतं, ते मराठवाड्याने ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडला पाहिलं. तिथल्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले, त्यांत 16 बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. महिनाभर चर्चा झाली, मग सगळं शांत.

म्हणून मागणं आधीच सांगून टाकतो. येत्या 9 एप्रिलपर्यंत शहरातल्या प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव यादीत यावं. तिचं बीपी आणि एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, खरोखर मोजलं जावं. ती कुठे बाळंत होणार, तिला कोण नेणार, रक्त लागलं तर कोण देणार, हे कळा सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. आणि 11 ते 14 एप्रिल या फुले-आंबेडकर जयंतीच्या दिवसांत ही व्यवस्था वस्त्यांनी, मंडळांनी आणि महापालिकेने मिळून उभी करावी. का, कशी आणि कोणी, ते पुढे मांडतो.

आकडा चांगला आहे, मग ओरड कशाची?

महाराष्ट्राचा माता मृत्यू दर देशात उजवा मानला जातो आणि ते खरंही आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33. केरळ 19 वर होता. राज्यात सुमारे 95 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते.

पण हा आकडा राज्याचा आहे. तो गारखेड्याचा नाही आणि मिसारवाडीचाही नाही. त्यात जात दिसत नाही, धर्म दिसत नाही, झोपडपट्टी दिसत नाही. आपल्या शहराची शेवटची जनगणना 2011 ची, तेव्हा लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्यानंतर हर्सूल, पडेगाव, मिटमिटा, चिकलठाणा, सातारा-देवळाई या बाजूंनी जे शहर वाढलं, ते मोजलेलंच नाही. ज्या बाईला कुणी मोजलं नाही, तिच्यासाठी नर्सची जागा कोण मंजूर करणार?

जिथे मोजलं गेलं तिथे चित्र वेगळं आहे. ‘यूएन विमेन’ने 2018 च्या अहवालात लिहिलं की भारतातली दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा सरासरी 14.6 वर्षं लवकर मरते. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय 48 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि बायांच्या अंगातलं रक्त घटलं, दोन्ही एकाच काळात. याचा अर्थ आपण बाईला शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवायला शिकलो. त्याआधीचे नऊ महिने ती आपल्या खिजगणतीत नाही.

पैसा असूनही ऐकलं गेलं नाही, तिची गोष्ट

हा प्रश्न एकट्या गरिबीचा असता तर श्रीमंत देशात तो सुटला असता. अमेरिकेत 2023 साली एक लाख जन्मांमागे 14.5 गोऱ्या माता दगावल्या आणि 50.3 कृष्णवर्णीय माता. जवळपास साडेतीनपट. जगातली अव्वल टेनिसपटू सेरेना विल्यम्स 2017 मध्ये सीझर होऊन बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास पुरेना. रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास तिला आधीपासून होता, त्यामुळे काय होतंय ते तिने ओळखलं आणि स्कॅन करा, रक्त पातळ करण्याचं औषध द्या, असं सांगितलं. वेदनाशामकांमुळे ही काहीतरी बरळतेय, असं नर्सला वाटलं. तिने हट्ट सोडला नाही. शेवटी स्कॅन झालं आणि फुप्फुसात गाठी निघाल्या. पैसा, नाव, उत्तम रुग्णालय सगळं हाताशी असलेल्या बाईला स्वतःच्या जिवासाठी हुज्जत घालावी लागली.

आता आपल्याकडची मुकुंदवाडीची किंवा किराडपुऱ्याची बाई डोळ्यांसमोर आणा. ती सांगते, ‘डोकं फुटतंय’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’, ‘सकाळपासून पोटात बाळ फिरलं नाही’. या तिन्ही वाक्यांत जिवाचा धोका आहे. पहिली दोन वाढलेल्या रक्तदाबाची आणि झटक्यांची पूर्वसूचना असू शकतात, तिसरं बाळ गुदमरत असल्याची. पण तिला उत्तर काय मिळतं? ‘पहिलटकरीण आहेस का घाबरायला?’ ‘चौथं ना हे, तुला काय नवीन?’ ‘कुठल्या वस्तीतून आलीस?’ आणि कळांच्या वेळी तर जी वाक्यं ऐकवली जातात ती इथे छापण्यासारखी नाहीत. पण या शहरातल्या हजारो बायांना ती पाठ आहेत. बुरखा, भाषा, आडनाव, पायातली चप्पल, पोरांची संख्या, यांतल्या कशाने तरी तिच्या बोलण्याची किंमत आधीच ठरलेली असते. एकदा असा पाणउतारा झाला की पुढच्या खेपेला ती अगदी गळ्याशी येईपर्यंत घरी थांबते. उशीर तिथे जन्मतो, आणि आपण ‘अडाणी आहेत, वेळेवर येत नाहीत’ म्हणून मोकळे होतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी यावर रडत बसणं नाकारलं. ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ ही त्यांची संघटना 2018 पासून 11 ते 17 एप्रिल हा आठवडा मातांच्या आरोग्यासाठी पाळते. 11 एप्रिल! आपल्याकडे ही महात्मा फुल्यांची जयंती. तीच कस्तुरबांची जन्मतारीख, म्हणून 2003 पासून तोच राष्ट्रीय सुरक्षित मातृत्व दिन. जोतिरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. 1972 मध्ये दलित पँथरने नाव घेतलं तेही तिकडच्या ब्लॅक पँथर्सवरून. हे नातं जुनं आहे. ते आता बाळंतिणीच्या खाटेपर्यंत आणू.

ती नेमकी कुठे निसटते

पहिली जागा पत्त्याची. गुंठेवारीतल्या प्लॉटवर पत्र्याचं घर, भाड्याची खोली, दर अकरा महिन्यांनी नवी गल्ली. आशाताई मागच्या महिन्यात आली तेव्हा ही तिथे नव्हती, आता आहे तर आशाताईच्या यादीत नाही. वाळूजला तर अजून गंमत : रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर ही गावं कागदावर ग्रामपंचायती, प्रत्यक्षात कंपन्यांच्या कंत्राटी कामगारांनी गच्च भरलेलं शहर. महापालिका म्हणते आमची हद्द नाही, आणि गावाच्या हिशेबाने बेतलेली आरोग्य यंत्रणा या गर्दीला पुरी पडत नाही.

दुसरी जागा माहेराची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सहाव्या-सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी भोकरदनहून संजयनगरला येते किंवा इथून सिल्लोडला जाते. सासरच्या यादीतून ती गेली, माहेरच्या यादीत आली नाही. सोनोग्राफी एकीकडे, रक्ताचे रिपोर्ट दुसरीकडे. बाळंतपणाचा सगळ्यात नाजूक काळ ती कुणाच्याच हिशेबात नसताना काढते. ही गोष्ट इतकी घरगुती आहे की धोरणात तिला कुणी जागाच दिली नाही.

तिसरी पाण्याची. या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि गुंठेवारीत टँकर येतो, तोही अवेळी. ड्रम भरायचं काम बाईचं, पोट पुढे असलं तरी. पाणी जपायचं म्हणून ती कमी पिते. संडासाची सोय नाही म्हणून लघवी दाबून धरते. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि गरोदरपणातल्या अशा संसर्गातून अवेळी कळा सुरू होऊ शकतात. कोट्यवधींच्या पाणी योजनेची चर्चा करताना हा खर्च कुणी धरत नाही.

चौथी भीतीची. राज्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली, आणि मराठवाड्यातले बहुतेक जिल्हे या सरासरीच्या खूप पुढे आहेत. अठराच्या आतली मुलगी गरोदर आली तर डॉक्टरने पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. कायदा मुलीच्या संरक्षणासाठीच आहे. पण नवरा आत जाईल या धाकाने घरचे तिला सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत दाखवतच नाहीत. ज्या पोरीला सगळ्यात जास्त तपासण्या हव्यात, तिला एकही मिळत नाही. बालविवाह रोखायचे ते लग्नाआधी. झालाच असेल, तर शिक्षा त्या पोरीच्या जिवाला होऊ देऊ नका.

आणि पाचवी जागा कार्डाची. प्रत्येक गरोदर बाईला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते उघडून बघा. आतल्या पानावर दर भेटीचे रकाने आहेत : वजन, रक्तदाब, एचबी, लघवीची तपासणी, पोटाची वाढ. चार भेटी झाल्यात, चारही वेळा रक्तदाब 110/70 आहे, एचबी दर वेळी 10 आहे आणि लघवीचा रकाना कोरा आहे, असं दिसलं तर समजा की मशीन दंडाला लागलेलंच नाही. कागद पूर्ण झाला, बाई तपासली गेली नाही. नर्सला दोष देण्याआधी एवढं बघा, की तिच्या हद्दीत किती लोक आहेत आणि बीपीच्या मशीनचा पट्टा धड आहे का.

मरण कशाने येतं, आणि किती स्वस्तात टळतं

बाळंतपणातली बहुतेक मरणं तीन वाटांनी येतात : रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग. अंगात आधीच रक्त कमी असेल तर एरवी सोसला गेला असता एवढा रक्तस्रावही जीव घेतो. म्हणून एचबीचा आकडा हा बाळंतपणाचा विमा आहे. गरोदरपणी तो 11 च्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय, 7 च्या खाली म्हणजे तातडीने दवाखाना. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेतल्या तर फारशा लागू पडत नाहीत, लिंबाबरोबर घेतल्या तर पडतात, हे साधं वाक्यही वस्तीत पुष्कळदा पोचलेलं नसतं. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. बीपी 140/90 किंवा त्याहून वर गेलं तर ते ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडायचं नसतं.

रक्तस्रावाबद्दल 2023 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर तो झाला. बाईखाली मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कागद अंथरायचा, किती रक्त गेलं ते अंदाजाने न ठरवता डोळ्यांनी मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की मालीश, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदम सुरू करायचं. एवढ्यावर गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण 60 टक्क्यांनी कमी झालं. यंत्र नाही, इमारत नाही, फीत कापायला मंत्री नाही. केरळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून राज्यातल्या मातामृत्यूंचा नाव गुप्त ठेवून अभ्यास सुरू केला. दोषी शोधायचा नाही, चूक शोधायची, हा त्यांचा नियम. केरळचा 19 हा माता मृत्यू दर आकाशातून पडलेला नाही.

आणि एक लक्षात ठेवा. बाळ झालं की पेढे वाटले जातात आणि सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे जातं. मातामृत्यूची व्याख्या मात्र बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत जाते, कारण धोका तिथपर्यंत असतो. पहिले दोन दिवस सर्वांत कठीण. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, वास येणारा स्राव, धाप, छातीत दुखणं, झटके, फार डोकं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

हे उपकार नाहीत

28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गिरणी कामगार स्त्रीला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला. शंभर वर्षं होत आली. मिलिंद महाविद्यालय ज्यांनी या शहराला दिलं, त्यांचं हे काम आपल्या जयंतीच्या देखाव्यांत क्वचितच दिसतं.

आज काय काय मिळायला हवं, ते नीट वाचा आणि वाचून दाखवा. 1 जून 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणं, दुसरीकडे हलवणं आणि घरी सोडणं, सगळं मोफत आहे. त्याला जात, उत्पन्न, कितवं मूल, अशी अट नाही. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला शहरात 600 रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी 5,000 आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 रुपये. नवरा किंवा ती स्वतः बांधकाम कामगार मंडळात नोंदलेली असेल, तर नैसर्गिक बाळंतपणाला 15 हजार आणि सीझरला 20 हजार. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

कागद नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाचा 4 जून 2010 चा निकाल सांगा. राजधानीत एक दलित बाई रेशनकार्डाच्या घोळात योग्य उपचारांविना राहिली आणि पुढच्या बाळंतपणात घरी दगावली. दुसरी, बेघर, झाडाखाली बाळंत झाली. सुरक्षित मातृत्व हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे आणि तो पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं न्यायालयाने बजावलं. अत्यवस्थ रुग्णाला आधी उपचार, बाकी सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच सांगून ठेवलंय, आणि ते खासगी डॉक्टरलाही लागू आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. आणीबाणीत आलेल्या गरिबाकडे ते अनामत मागू शकत नाहीत.

आता कोणी काय करायचं

महापालिकेला : राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा दंडक 50 हजार लोकांमागे एक आरोग्य केंद्र, 200 ते 500 घरांमागे एक आशा, 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असा आहे. प्रत्येक वॉर्डात यांपैकी काय आहे, काय रिकामं आहे, याचा फलक 9 एप्रिलच्या आत केंद्राच्या दारावर लावा. कामावर जाणाऱ्या बाईसाठी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी तपासणी ठेवा. माहेरी आलेल्या आणि भाड्याने राहणाऱ्या बाईचं नाव आधार, रेशनकार्ड, पत्ता यांवाचून आधी लिहा, कागद मागाहून. वाळूजच्या वसाहतींसाठी जिल्हा परिषदेबरोबर एकच यादी करा. आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते तेव्हा नाव वगळून तिचा निष्कर्ष शहरासमोर ठेवा. एप्रिल 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर या शहराने प्रशासकांची राजवट वर्षानुवर्षं पाहिली. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं. आता विचारणारे नागरिक आहेत, असं समजा.

खासगी डॉक्टरांना : ‘घाटीला न्या’ म्हणण्याआधी पाच मिनिटं द्या. सलाईन लावा, पहिला डोस द्या, बीपी आणि वेळ घालून चिठ्ठी लिहा, 108 ला स्वतः फोन करा, आणि घाटीतल्या किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला ‘अशी अशी पेशंट निघाली आहे’ एवढं कळवा. त्या पाच मिनिटांत पुढच्या डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. महिन्यातल्या एका 9 तारखेला जवळच्या आरोग्य केंद्रात बसा. केंद्राला तज्ज्ञ हवाच असतो.

रुग्णालयांच्या प्रमुखांना : कळांच्या वेळी बाईजवळ तिच्या घरची एक बाई थांबू द्या. अपमानाची तक्रार कुणाकडे करायची, ते नाव आणि नंबर मराठी, उर्दू आणि हिंदीत भिंतीवर लिहा. हाताखालच्या थकलेल्या नर्सेसना माणसं मिळावीत म्हणून आवाज उठवा, आम्ही तुमच्या मागे उभे राहू.

जयंती मंडळांना, गणेश मंडळांना, मशिदी आणि विहारांच्या विश्वस्तांना : रक्तदान शिबिरं तुम्ही मनापासून घेता. पण पिशवीतलं रक्त 35 ते 42 दिवसच टिकतं. 14 एप्रिलला जमलेलं रक्त मे संपायच्या आत संपतं किंवा वाया जातं, आणि उन्हाळ्याच्या टंचाईत बाळंतिणीच्या नातेवाइकांना ‘डोनर आणा’ सांगितलं जातं. शहरातल्या मंडळांनी एकत्र बसून वर्षाचं वेळापत्रक करावं : कुणी एप्रिल, कुणी मे, कुणी जून, कुणी ईद-ए-मिलाद, कुणी गणेशोत्सव. डीजेच्या खर्चातून एक स्पीकर कमी करा आणि वस्तीतल्या आरोग्य समितीला बीपीचं मशीन घेऊन द्या. औरंगपुऱ्यातल्या फुल्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी आणि भडकल गेटला अभिवादनाला जाणाऱ्यांनी वाटेत आपल्या वस्तीतल्या गरोदर बायांची यादी आरोग्य केंद्रात दिली, तर त्या हाराला वजन येईल. शुक्रवारच्या नमाजनंतर आणि विहारातल्या वंदनेनंतर दोन मिनिटं ही माहिती सांगा. पुरुषांना सांगा, कारण पैसा आणि निर्णय त्यांच्याकडे असतो.

रिक्षावाल्या भावांना : प्रत्येक स्टँडवर रात्री हाक मारली तर येणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि नंबर लिहून ठेवा. 102 आणि 108 ची गाडी मोफत आहे, तिलाच आधी फोन. ती यायला वेळ लागत असेल तर तुमची चाकं हलू द्या.

ठेकेदार, मुकादम आणि ज्यांच्या घरी बाया धुण्या-भांड्याला येतात त्यांना : तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नका. सातव्या महिन्यानंतर विटा, वाळू, पाण्याचे हंडे तिच्या डोक्यावर देऊ नका. बाळंतपणानंतर तिची जागा तिलाच ठेवा.

घरच्या माणसांना : पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा. पाणी भरण्याचं काम या काळापुरतं नवऱ्याने, दिराने करावं. सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणं, ही रीत या घरात या वर्षापुरती तरी मोडा. आणि ती ‘मला बरं वाटत नाही’ म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा.

बाई, तुलाही सांगायचंय. तुझं कार्ड हा तुझा हक्काचा कागद आहे. त्यात लिहिलेला आकडा विचार : ‘ताई, माझं बीपी किती? रक्त किती?’ उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. दुसरीकडे पाठवलं तर चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नकोस. प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

वाचकहो, वेळ कमी आहे. मार्च सुरू आहे, ऊन वाढतंय, टँकरच्या रांगा लांबतील आणि रक्तपेढ्या आटतील. उद्या सकाळी तुमच्या गल्लीतल्या, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या किंवा समोरच्या बांधकामावर राबणाऱ्या एका गरोदर बाईला तीन प्रश्न विचारा : नाव नोंदवलंय का? बीपी शेवटचं कधी मोजलं? बाळंतपण कुठे करायचं ठरलंय? एका प्रश्नाचं जरी उत्तर ‘माहीत नाही’ आलं, तर 9 तारखेला तिला सोबत घ्या आणि जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. तिची तपासणी होईपर्यंत तिथेच थांबा, आणि झाली नाही तर का झाली नाही, हे लेखी मागा.